पंधरावी प्लेट

मोठ्या सिस्टरांना काय मिळणार होतं ते आधी मांडतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

त्यांच्या वॉर्डाच्या दारावर एक पांढरा फळा होता. वॉर्ड दिवस भरायच्या आत जन्मलेल्या बाळांचा. अकरा काचेच्या पेट्या, अकरा बाळं. इस्पितळाच्या जंतूंनी एकही बाळ आजारी पडलं नाही असे सलग किती दिवस गेले, तो आकडा मोठ्या सिस्टर रोज सकाळी स्वतःच्या हातानं निळ्या पेनानं लिहायच्या. शंभर झाले की वॉर्डाला सहा पेट्या वाढवून मिळणार होत्या आणि त्यांना मेट्रनची खुर्ची. निवृत्तीला तीन वर्षं राहिली होती, आणि त्यांच्या हाताखाली शिकलेल्या दोघीजणी एव्हाना त्या खुर्चीत बसून उठून गेल्या होत्या. तेव्हा ती खुर्ची त्यांना किती आणि का हवी होती, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

माझाही त्यात वाटा होता. माझी बायको त्याच वॉर्डात नर्स. दोन वर्षं सलग रात्रपाळी. ड्युटीचा तक्ता मोठ्या सिस्टर लावायच्या, आणि शंभर पूर्ण झाल्यावरच्या तक्त्यात तिचं नाव दिवसपाळीत घालायचं त्यांनी कबूल केलं होतं. म्हणजे दोन वर्षांनी आमच्या घरात दोन माणसं एकाच वेळी जागी असणार होती.

मी तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ. वरून रक्त येतं, मी त्यात जंतू वाढतात का पाहतो. वर पेटीत बाळं वाढवतात, खाली माझ्या पेटीत जंतू वाढतात. ऊब दोन्हीकडे जवळजवळ सारखीच लागते. मला मोजायची खोड आहे. सुया, बाटल्या, जिन्याच्या पायऱ्या, सगळं. म्हणून वॉर्डातल्या मुली मला हिशेबनीस म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे माझी तक्रार नाही.

फळ्यावर एक्याण्णव होता त्या सकाळी यंत्र वाजलं. रक्ताची बाटली यंत्रात ठेवली की आत काही वाढायला लागल्याबरोबर ते वाजतं आणि वेळ नोंदवतं. बाटली तिसऱ्या पेटीतल्या बाळाची होती. सूक्ष्मदर्शकाखाली बारीक काड्यांसारखे जंतू दिसले. असं काही दिसलं की वॉर्डाला लगेच फोन करायचा असतो. मी केला. उचलला मोठ्या सिस्टरांनी, आणि दहा मिनिटांत त्या स्वतः जिना उतरून खाली आल्या. बारा वर्षांत त्या माझ्याकडे पहिल्यांदा आल्या होत्या. स्टुलावर बसल्या, माझ्या बायकोची चौकशी केली. मग म्हणाल्या की ते रक्त नव्या मुलीनं काढलं होतं, शीर सापडेना म्हणून दोनदा टोचलं होतं, कातडीवरचं काहीतरी आत गेलं असणार. आमच्या मॅडम, म्हणजे प्रयोगशाळेच्या डॉक्टर, दहा दिवस रजेवर होत्या. सही माझी चालत होती.

मी रिपोर्टवर एक वाक्य लिहिलं : नमुना घेताना बाहेरून भेसळ झाल्याची शक्यता, पुन्हा पाठवावा. हे वाक्य खोटं नव्हतं. शक्यता होतीच. शक्यता कशाची नसते?

माझ्या पेटीतल्या उबेत ते जंतू दुसऱ्या दिवशी वाढले ते पांढुरके, कुणाचंही लक्ष जाऊ नये असे. पण एक प्लेट मी बाहेर टेबलावर विसरलो होतो. प्लेट म्हणजे बशीसारखी चपटी डबी, तिच्यात जेलीचा थर. त्र्याण्णवव्या दिवशी ती टेबलावरची प्लेट लाल झाली होती. रक्तासारखी नाही, रक्त दोन दिवसांत काळं पडतं. ही ताजी होती.

सेरॅशिया. ओलीचा जंतू. मोरीच्या कडेला, नळाच्या तोंडाशी गुलाबी बुळबुळीत थर धरतो तो हाच. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही. आमचे एक सर तर वर्गात तो हाताला लावून पहिल्या मुलाशी हस्तांदोलन करायचे, त्यानं दुसऱ्याशी, आणि मग विसाव्या मुलाच्या हातावर तो सापडतो का पाहायचे. सापडायचा. पण किलोभरसुद्धा न भरणाऱ्या बाळाच्या रक्तात तो शिरला तर गोष्ट वेगळी. वॉर्डातलं नेहमीचं औषध त्याला लागू पडत नाही. एवढं सगळं सर सांगायचे. एकच गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती, किंवा सांगितली तेव्हा माझं लक्ष नव्हतं : तो लाल होतो तो बाहेरच्या गारव्यात. शरीराच्या उबेत त्याला रंगच नसतो.

तिसऱ्या पेटीतलं बाळ त्याच दुपारी गेलं. साडेसातशे ग्रॅमचं होतं, सगळ्यांनी मान हलवून मान्य केलं. पुन्हा पाठवलेला नमुना संध्याकाळी वाजला.

मोठ्या सिस्टर दुसऱ्यांदा खाली आल्या तेव्हा त्यांचे डोळे सुजलेले होते. त्या रडल्या होत्या हे मी लिहून ठेवतो, नाहीतर हिशेब एकतर्फी होईल. त्यांचं म्हणणं असं की कागद बाहेर गेला की वॉर्डाला कुलूप. मग दहा बाळं गाडीत घालून कुठे न्यायची? वाटेतच दोन जातील. त्यापेक्षा आपण दोघं मुळाशी जाऊ, गाजावाजा न करता. "सात दिवस द्या, हिशेबनीस," त्या म्हणाल्या. "गेलेलं परत येत नाही. राहिलेली दहा आहेत."

बोलण्यात खोट काढता येईना. खरं म्हणजे काढायची नव्हती.

प्रशिक्षण आहे असं सांगून मी वॉर्डातल्या सगळ्यांचे हात तपासले. प्रत्येकीनं उजवा तळवा मोठ्या प्लेटमधल्या जेलीवर टेकवायचा, दोन दिवसांनी काय उगवतं ते पाहायचं. मोठ्या सिस्टर, अकरा नर्सा, एक डॉक्टर आणि साफसफाईच्या मावशी : चौदा हात. मावशींनी हात टेकवताना विचारलं की यात भविष्यपण दिसतं का, आणि दिसत असेल तर निवृत्तीच्या पगाराचं तेवढं बघा. प्लेटा दहाच्या पाकिटात येतात. मी दोन पाकिटं फोडली. चौदा वापरल्या, सहा उरल्या. प्रत्येकीच्या तळाशी नंबर घातला आणि सगळ्या गार कपाटात ठेवल्या, म्हणजे रंग धरेल.

पंचाण्णवव्या दिवशी काढल्या. नऊ प्लेटांवर लाल हात उमटले होते. बोटं, तळव्याचा उंचवटा, एका प्लेटवर अंगठीची मोकळी रेघसुद्धा. माझ्या बायकोचा हात त्या नऊंत होता.

टेबलावर मात्र पंधरा प्लेटा होत्या.

मी पुन्हा मोजल्या. पाकिटातल्या उरलेल्या मोजल्या : सहा. वीस प्लेटांच्या एकवीस झाल्या होत्या. पंधरावीच्या तळाशी नंबर नव्हता. तिच्यावरचा हात सगळ्यांत नीट उमटला होता, पण खिडकीशी धरली तेव्हा त्यात काहीतरी चुकतंय असं वाटलं. बाकीच्या हातांचा लाल थर जेलीच्या वर होता. याचा खाली होता, जेली आणि तळ यांच्या मध्ये, जिथे हात पोचूच शकत नाही. तळवा वरून टेकवलेला नव्हता. खालून टेकवलेला होता.

कारखान्यातली खराब प्लेट, मी स्वतःला सांगितलं. पाकिटात चुकून अकरावी आली असेल. ती कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकून मी वॉर्डात गेलो.

मूळ तासाभरात सापडलं. हात धुवायच्या बेसिनवर साबणाच्या तीन बाटल्या होत्या, दाबायच्या. मोठ्या सिस्टरांच्या हाताखाली काहीच वाया जात नसे आणि याचा त्यांना फार अभिमान. बाटली अर्धी झाली की वरून नवा साबण, थोडं पाणी, की पुन्हा काठोकाठ. ही पद्धत त्यांनी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी शिकवली होती. वॉर्ड सुरू झाल्यापासून त्या बाटल्यांचा तळ कुणी पाहिलाच नव्हता. मी एक बाटली ओतली. वरचा साबण स्वच्छ आला. तळाचा दोन बोटं जाडीचा थर गुलाबी, तार धरणारा होता.

अकरा नर्सा बाळाला हात लावण्याआधी दर वेळी, न चुकता, डोळ्यांत तेल घालून त्यानं हात धूत होत्या. सगळ्यांत जास्त कोण धुवायचं? माझी बायको.

 बाटल्या मोठ्या सिस्टरांनी स्वतः नेऊन जाळायच्या कचऱ्यात टाकल्या. नव्या सीलबंद पिशव्या आणवल्या, बेसिन घासून घेतलं. मी पुन्हा चौदा हात घेतले. फळ्यावरचा पंचाण्णव तसाच होता.

सत्त्याण्णवव्या दिवशी चौदाही प्लेटांवर लाल ठिपका नव्हता. जिवंत माणसाच्या हातावर नेहमी असतं तेवढंच उगवलं होतं, पांढरं-पिवळं काहीबाही. वॉर्ड स्वच्छ झाला होता. मी सुटकेचा श्वास सोडणार तोच ढिगाऱ्याच्या तळाशी आणखी दोन प्लेटा हाताला लागल्या. नंबर नाही. दोन्हींवर उजवा हात, लाल, आतून टेकवलेला. दोन्ही एकाच माणसाचे.

घरी बायकोला सांगितलं ते हसण्यावारी नेत. ती म्हणाली, "दुसऱ्यांचे मोजताना तुझा स्वतःचा हात मोजायचा राहिला असेल." मी म्हटलं की माझा हात मी कुठल्याच प्लेटला लावलेला नाही. ती डबा घेऊन कामावर गेली.

आता सातव्या पेटीचं. त्यातल्या मुलाचा बाप शिंपी होता. वॉर्डाबाहेरच्या बाकावर तीन आठवडे बसून असायचा. पोराच्या डोक्यासाठी त्यानं टोप्या शिवल्या होत्या, लिंबाएवढ्या, आणि वजन वाढेल तशा सैल करता याव्यात म्हणून आत शिलाईची जागा सोडली होती. माझी बायको त्याला रोज पहाटे बाहेर येऊन वजन सांगायची. नऊशे चाळीस. नऊशे सत्तर. हजार. हजार झाले त्या दिवशी म्हणे त्यानं बाकावरच्या सगळ्यांना टेप दाखवला, किती वाढला ते. शहाण्णवव्या दिवशी पोरगा दूध ओकला, श्वास विसरायला लागला. डॉक्टरांनी रक्त काढलं. नमुने खाली आणून द्यायचे काम नातेवाईकांचं. बाटली गार पडू नये म्हणून शिंप्यानं ती शर्टाच्या आत, छातीशी धरून आणली होती.

सत्त्याण्णवव्या दिवशी दुपारी एक वाजून वीस मिनिटांनी यंत्र वाजलं. काड्या त्याच होत्या. मी वॉर्डात फोन केला, आणि मोठ्या सिस्टर तिसऱ्यांदा खाली आल्या.

या वेळी त्या बसल्या नाहीत. मूळ सापडलंय, बाटल्या गेल्यात, आता नवीन कुणाला होणार नाही, हे त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. तीन दिवस राहिलेत. औषध बदलायचं मी डॉक्टरांना तोंडी सांगते, कागद तेवढा शंभरनंतर. तोंडी सांगितलं म्हणजे बाळाचं काहीच अडत नाही. मी हो म्हटलं. त्यांनी ते कधी सांगितलं, मी विचारलं नाही. नंतर कळलं : दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीत. मधे एकोणीस तास गेले.

त्या गेल्या आणि दहा मिनिटांनी शिंपी दारात आला. आत यायची परवानगी नसते, म्हणून चपला काढून उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"साहेब, काही उगवलं नाही ना?"

"अजून चालू आहे," मी म्हणालो. "काही नाही अजून."

त्यानं दोन्ही हात जोडले आणि चपला घालून वर गेला. पायऱ्या मी मोजल्या. बावीस.

अठ्ठ्याण्णवव्या दिवशी मी शेवटचे चौदा हात घेतले. या वेळी कुणाला गंमत करायला जागा ठेवायची नव्हती. नवीन पाकिटं, चौदा प्लेटा, नंबर तळालाही आणि झाकणालाही. कपाटात दुसरं काही नाही हे टॉर्च मारून पाहिलं. कुलूप लावलं. किल्ली माझ्या खिशात, दुसरी किल्ली मॅडमच्या टेबलात सीलबंद. त्यानंतर एकदाच कपाटापाशी गेलो, ते कुलूप ओढून पाहायला.

सातव्या पेटीतला मुलगा नव्व्याण्णवव्या दिवशी सकाळी गेला. वजन हजार चाळीस होतं.

त्याच दुपारी मी कपाट उघडलं. खिडक्यांतून भरपूर ऊन येत होतं.

वरच्या फळीवर चौदा प्लेटा, जशा ठेवल्या तशा.

खालच्या फळ्या मी मोकळ्या सोडल्या होत्या.

त्या भरलेल्या होत्या. कडेपर्यंत, रांगेनं, एकावर एक. सगळ्या लाल.

मी त्या मोजल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा समोर काहीतरी होतं आणि मला त्याचा आकडा नको होता.

एक उचलली. गार कपाटातून काढली होती, पण कोमट होती. कुणीतरी नुकतीच हातातून ठेवावी तशी.

आतला तळवा माझ्याकडे होता. पाचही बोटं पसरलेली. तर्जनीचं टोक किंचित बाहेर वळलेलं.

का ते सांगता येत नाही, पण मी बाहेरून त्यावर माझा हात ठेवला.

बोटाला बोट लागलं. तळव्याला तळवा. कुठेही कमी नाही, कुठेही जास्त नाही.

ऊब वाढली.

मी प्लेट खाली ठेवली, सगळ्या पिशव्यांत भरल्या आणि स्वतः भट्टीपर्यंत नेल्या. सात पिशव्या. तेवढ्या मोजल्या, कारण नोंदवहीत लिहाव्या लागतात.

शंभरावा दिवस ठरल्याप्रमाणे आला. फळ्याभोवती सगळे जमले, टाळ्या वाजल्या. मोठ्या सिस्टरांनी निळ्या पेनानं आकडा लिहिला. नवा तक्ता लागला. बायकोचं नाव दिवसपाळीत होतं.

मॅडम रजेवरून आल्या. त्यांनी यंत्राचा कागद काढला, माझे रिपोर्ट शेजारी ठेवले आणि एकेक वेळ ताडून पाहिली. मग चौकशी झाली. साबणाच्या बाटल्या पुन्हा भरू नयेत असं पत्रक निघालं. मोठ्या सिस्टर तोवर मेट्रन झाल्या होत्या. पत्रकावर सही त्यांची होती. मला एक ताकीद मिळाली, लेखी.

बायकोला शिंप्यानं सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे. उरलेल्या टोप्या दुसऱ्या कुणाला होतील म्हणून तो द्यायला आला होता. बोलता बोलता म्हणाला की खालचे साहेब चांगले आहेत, मी विचारायला गेलो तर नीट बोलले, अजून काही उगवलं नाही म्हणाले. तिला रिपोर्टवरची यंत्र वाजल्याची वेळ पाठ होती.

घरी आली, पर्स खुंटीला लावली, आणि उभ्यानंच विचारलं.

"तो विचारायला आला तेव्हा मशीन वाजलं होतं?"

"वाजलं होतं."

"किती वेळ झाला होता?"

"पस्तीस मिनिटं."

 दुसऱ्या दिवशी मेट्रनच्या खोलीत जाऊन तिनं रात्रपाळी परत मागून घेतली. कायमची. ती घरी येते तेव्हा मी निघालेला असतो. ताट झाकून ठेवते, पाणी भरून ठेवते. माझ्या कपड्यांना हात लावत नाही.

तेव्हा शेवटची बेरीज अशी. मोठ्या सिस्टरांना खुर्ची मिळाली. वॉर्डाला सहा पेट्या मिळाल्या आणि त्या सहाही भरलेल्या असतात. किंमत भरली ती तिसऱ्या आणि सातव्या पेटीनं, एका शिंप्यानं, त्या पोराच्या आईनं, जिला मी कधी पाहिलं नाही, आणि रात्री जागणाऱ्या एका बाईनं. माझ्या नावापुढे काहीच निघेना. मोजायची खोड असलेल्या माणसाला हे बरं वाटत नाही. म्हणून मी एक नवी प्लेट घेतली आणि पहिल्यांदाच माझा उजवा हात त्यावर टेकवला. न धुता, जिन्याचा कठडा धरून आल्यावर, पूर्ण दाबून.

उबेत ठेवून पाहिली. गारव्यात ठेवून पाहिली. मग दुसरी घेतली, तिसरी घेतली, वेगवेगळ्या पाकिटांतून.

आज अकरावा दिवस. पहिली प्लेट समोर आहे. जेलीवर पाचही बोटांचे खळगे स्पष्ट दिसतात, तर्जनीचं टोक किंचित बाहेर वळलेलं. त्यांत काहीही उगवलेलं नाही.